पात्याचा रुपया

मच्छीमार नगर, कफ परेड
१२ जून २०२४

दादूस,

मासेमारी म्हणजे घरकाम, शेती, विज्ञान की कारखाना? आज कस्टमच्या साहेबांनी मला हे विचारलं. घरी येईपर्यंत विचार केला, तरी ठरत नाही.

झालं असं, की तू पाठवलेलं पार्सल मुंबईत येऊन अडकलं आहे. आत घडीचे बारा चाकू आहेत म्हटल्यावर त्यांनी ते बाजूला काढलं आणि मला बोलावलं. शस्त्रांच्या नियमात असं आहे, की पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ती सुरी शस्त्रात मोडते. मात्र घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली असेल तर नाही. तुझ्या चाकूचं पातं माझ्या मधल्या बोटाएवढं. मी म्हटलं, साहेब, हे मुळात शस्त्रच नाही. ते म्हणाले, "लांबीचं मान्य. पण डबा बघा."

डब्यावर सैनिक आहे, दादूस. तोंडाला काळं फासलेला, चाकू उगारलेला. साहेब म्हणाले, "हे चित्र बघून माझे वरचे मला विचारणार, कशासाठी बनवलंय? तुम्हीच सांगा, चारांपैकी तुमचं काम कुठलं?" मी म्हटलं, दोर कापायचं. ते म्हणाले, "दोर कापणं कशात बसतं?"

मग मी त्यांना बाबांच्या पायाचं सांगितलं. जाळं सोडताना दोराचा वेढा पडला, सुरा केबिनमध्ये खोचलेला होता, आणि तू तो घेऊन येईपर्यंत पाऊल गेलं.  साहेब म्हणाले, सगळं लिहून द्या. माणूस वाईट नाही.

तू मला एवढंच कळव: चाकू बटण दाबून उघडतो का? आत स्प्रिंग आहे का? तसं असेल तर प्रकरण वेगळं होईल.

काळजी करू नकोस. बंदी एक ऑगस्टला उठते, पण आपल्या बोटी नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय जात नाहीत, आणि यंदा पौर्णिमा एकोणीसला आहे. तोवर प्रत्येक बोटीवर एक चाकू पोचलाच पाहिजे. नाहीतर तू एवढ्या लांबून पाठवून काय उपयोग.

मालन मावशीचा मयूर काल येऊन देव्हाऱ्यात रुपया ठेवून गेला. म्हणाला, "वकीलबाई, पहिला पीस आपला. बुकिंग करून ठेवलंय, नंतर लफडा नको." आये म्हणाली, वस्तू आली नाही आणि दाम कसला ठेवतोस? तर म्हणतो, "मावशे, एकवीरा आई साक्षीला आहे, पळून कुठं जाणार?" मी बी.कॉम. आहे, वकील नाही, हे त्याला किती वेळा सांगायचं.

फोनवर हे बोलता येत नाही. आपली खोली एक, आणि पायाचा विषय निघाला की बाबा भिंतीकडे तोंड करतात. तुला जहाजावर मजकूर तेवढा मिळतो, म्हणून मेलवर लिहिते आहे.

भाविका


जहाजावरून
१६ जून

भाविका बाय,

तुझं पत्र बंदरात वाचलं. आम्ही इथं थंडीच्या मुलखात, स्टॅव्हँगरला माल भरतोय, रात्री परत समुद्रातल्या तेलाच्या फलाटांकडं जाणार.

सैनिक मी बघितलाच नाय. दुकानात ढीग लावला होता, स्वस्त होते, उचलले. बटण नाय, स्प्रिंग नाय. पात्याला भोक हाय, त्यात अंगठा घालून ढकलायचं. दुसरा हात दोरात अडकला असला तरी एका हातानं उघडतं. त्यासाठीच घेतले गो. इथं डेकवर प्रत्येकाच्या कमरेला एक असतो. पहिल्या दिवशी बघितलं आणि बाबांची आठवण झाली. दिवसभर जेवलो नाय.

पण इथंही गावात जायचं तर बोसन, म्हणजे आमचा डेकवरचा मुकादम, ओरडतो, खोलीत ठेवून जा, रस्त्यावर सापडलात तर पोलीस नेतील. म्हणजे कायदा सगळीकडं तसाच.

आता माझं ऐक. साहेबाला लिहून दे, भाजी कापायला. किचनचा माल. विषय संपला. सगळं जग असंच लिहितं. साहेबाला पण माहीत असतं. त्याला कागद भरायचा असतो, तुला चाकू पाहिजेत. बाबांचा पाय, मासेमारी, विज्ञान, हे त्याला कशाला?

मयूऱ्याला सांग, बुकिंग मिळालं, पावती नाय मिळणार.

भावेश


मच्छीमार नगर
२५ जून

दादूस,

भाजी मी लिहिलं नाही.

रागावू नकोस, आधी वाच. मी चार पानं लिहून दिली. चाकू कुणी घेतले, कुणासाठी, दोर कसा अडकतो, अंगठ्यानं पातं कसं उघडतं, त्याचं चित्रसुद्धा काढलं. बाबांच्या पायाचा फोटो जोडला. बाबा फोटोला तयार नव्हते. म्हणाले, "माझा पाय गेला तवा तुझा कायदा कुठल्या बोटीवर होता?" मग स्वतःच धोतर वर केलं आणि म्हणाले, "काढ लवकर."

साहेबांनी एक चाकू माझ्यासमोर उघडून बघितला. बटण नाही याची खात्री केली, पात्याला पट्टी लावली. मग विचारलं, "एकाच पत्त्यावर बारा नग. विकणार का?" मी म्हटलं, नाही, अकरा बोटींना एकेक आणि एक मयूरला द्यायचा आहे. ते म्हणाले, "काहीच घेणार नाही?"

मी खरं सांगितलं. आपल्यात धारेची वस्तू फुकट घेत नाहीत. पाटावर रुपया ठेवायचा आणि वस्तू उचलायची, नाहीतर ते पातं देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मध्ये येतं, असं आजी सांगायची. एकाचा रुपया आमच्या देव्हाऱ्यात आलासुद्धा, असंही सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे पण लिहिलंत?" मी म्हटलं, हो, तिसऱ्या पानावर. मला वाटतं त्यांना पटलं. असं कुणी त्यांच्यासमोर बसून सरळ बोलत नसेल.

दादूस, मी या घरातली पहिली शिकलेली. आये टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरली तेव्हा माझी फी भरली गेली. ते शिकून मी भाजी लिहायची असेल, तर मयूरनंही ते लिहिलं असतं.

चाकू आल्यावर काय करायचं त्याचा मी एक कागद केला आहे. शहरात पोलिसांचे आदेश अधूनमधून निघतात, त्यात रस्त्यावर चाकू बाळगायला बंदी असते. म्हणून चाकू घरी आणायचा नाही, खिशात घालून बाजारात फिरायचं नाही, बोटीवरच दोरीनं बांधून ठेवायचा. मयूरनं कागद वाचला आणि म्हणाला, "आधी माल दाखव, मग सूचना दे."

भाविका


जहाजावरून
३० जून

भाविका,

रुपयाचं तुला कुणी विचारलं होतं?

अगं, रुपया घेतला म्हणजे विक्री झाली. मी बारावी नापास, मला कळतं. साहेबाला पटलं म्हणून त्यानं पेन ठेवलं नाय. तो बघत होता, ही पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेते.

उद्याच जा. सांग, चुकून लिहिलं. भेट हाय, फुकट हाय. आजीला वर काय वाटायचं ते वाटू दे.

भावेश


मच्छीमार नगर
२२ जुलै

दादूस,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही होत नव्हतं.

तू म्हणालास ते बरोबर निघालं. आमच्या ऑफिसातल्या मृणालिनीताईंनी मला समजावलं. त्या वीस वर्षं लोकांचा माल कस्टममधून सोडवतात. त्या म्हणाल्या, "भेट म्हणून आलं तर ड्युटी भरायची आणि घेऊन जायचं. पण मोबदला आला की तो व्यापार. रुपया असो की लाख. मग व्यापाऱ्याची नोंदणी दाखवा, मग हे शस्त्र आहे की नाही ते पुन्हा पहिल्यापासून, आणि असेल तर आयातीचा परवाना. भाविका, एका रुपयासाठी तू स्वतःला हत्यारांची व्यापारी करून घेतलंस."

मी अर्ज दिला आहे. ही विक्री नाही, रीत आहे, असं सविस्तर मांडलं. मच्छीमार सोसायटीच्या लोकांच्या सह्या घेतल्या. लेखी निर्णय मागितला आहे. एकदा लेखी आलं, की पुढच्या वेळी कुणालाही खोटं बोलावं लागणार नाही. आपल्या नगरातच नाही, दुसऱ्या कोळीवाड्यांतही. चार प्रकारांत मासेमारी नाही, हेही मी लिहिलं. कुणीतरी ते एकदा लिहायला हवंच होतं.

फाईल वर गेली आहे. साहेब म्हणतात, वेळ लागतो. पौर्णिमेला अजून अवकाश आहे.

बाबा जाळी दुरुस्त करतात. मयूर रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसतो आणि मला ऐकवतो, "काय साहेबीण, आमचा पीस अजून वरच?"

भाविका


जहाजावरून
२७ जुलै

भाविका,

घाईत लिहितोय. मयूरचा मेसेज मिळाला. कुशाबाकाका यंदा पौर्णिमेपर्यंत थांबणार नाय. एक तारखेला सरकार सोडतं, बाकी बंदरांतल्या बोटी त्याच दिवशी निघतात, मग आपण नारळाची वाट बघत बसलो तर त्यांनी उचललेलं म्हावरं आपल्याला कुठून मिळणार, असं काका म्हणतो. मयूर त्याच्या बोटीवर हाय. नाय म्हणाला तर काका दुसरा खलाशी घेईल.

तुझा अवकाश संपला. काय लिहायचं ते लिही. भाजी लिही, फळं लिही, पेन्सिलीला टोक करायला लिही. हात जोडतो.

आम्ही दोन आठवडे लांब चाललो, मेल येणार नाय. परत येईन तेव्हा मला एकच गोष्ट वाचायची हाय.

भावेश


जहाजावरून
११ ऑगस्ट

भाविका बाय,

परत आलो. तुझं एकही पत्र नाय. रुसलीस काय? त्या दिवशी जास्त बोललो, जाऊ दे.

मिळाले काय चाकू? मयूऱ्याला मेसेज टाकला, उत्तर नाय. आता हातात चाकू आल्यावर आम्हाला कशाला ओळखेल. त्याला सांग, कमरेला लावून एक फोटो काढ, इथल्या बोसनला दाखवायचाय. मी त्याला सगळं सांगितलंय तुझ्याबद्दल. बाबांच्या फोटोबद्दल पण. तो म्हणाला, तुझी बहीण शूर हाय. मी म्हटलं, डोक्यावर पडलेली हाय.

घरी फोन लावला तर आये नुसती हो-नाय करत होती. मागं कुणीतरी रडत होतं काय? की टीव्ही?

भावेश


मच्छीमार नगर
१४ ऑगस्ट

दादूस,

तो टीव्ही नव्हता. मालन मावशी होती.

मयूर गेला. तीन तारखेला. तुला फोनवर सांगायचं नाही असं बाबांनी ठरवलं. तू त्या थंड पाण्यावर उभा राहून काम करतोस, म्हणाले, पाय घसरेल. पण तू विचारलंस आणि आयेला खोटं बोलता आलं नाही, म्हणून मला लिहायला सांगितलं.

जाळं सोडत होते. समुद्र खवळलेला होता, बोट एकदम कलली आणि मयूरच्या डाव्या हाताला वेढा पडला. तो बोटीबाहेर ओढला गेला, पण उजव्या हातानं त्यानं बोटीची कड धरली. कुशाबाकाका सांगतात, सुरा आणायला ते स्वतः केबिनकडे धावले. एकानं मयूरला धरायचा प्रयत्न केला. जाळ्याचं वजन खाली ओढत होतं. काका सुरा घेऊन आले तेव्हा कडेवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बंदरातल्या बोटीला तो सापडला. दोर हाताला तसाच होता.

उजवा हात दोरात अडकला नव्हता, दादूस. काका ते पुन्हा पुन्हा सांगतात. त्यांना माहीत नाही, ते मला काय सांगताहेत.

बावीस जुलैच्या पत्रात मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. अर्ज दिला त्या दिवशी साहेबांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला होता. म्हणाले, "बाई, तुमचा तो जबाब मी अजून फाईलला लावलेला नाही. नवीन लिहा. भेट आहे, कुणाकडून काही घेतलेलं नाही, घेणार नाही. परवा येऊन पार्सल घेऊन जा." मी म्हटलं, पण साहेब, एक रुपया घेतलेला आहे. ते म्हणाले, "मी ऐकलं नाही." मी पुन्हा सांगितलं. आणि त्यांना म्हटलं, जुना जबाबच फाईलला लावा, मला लेखी निर्णय हवा आहे.

त्यांनी लावला. मृणालिनीताई बाजूला उभ्या होत्या. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुला बरं वाटलं ना? मग झालं." मला खरंच बरं वाटलं होतं. चालत घरी आले.

मयूर त्या संध्याकाळी बाबांपाशी बसला होता. त्यानं नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, होईल, वर गेलं आहे.

तुझं सत्तावीसचं पत्र मी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले, म्हटलं पौर्णिमेपर्यंत थांबा. ते म्हणाले, "पोरी, नारळानं डिझेल मिळत नाय." मी तिथून सरळ कस्टममध्ये जायला हवं होतं. मी घरी आले.

भाविका


जहाजावरून
१५ ऑगस्ट

भाविका,

दोन वेळा लिहिलं नि पुसलं.

मला तुला शिव्या द्यायच्या नायत. चाकू मीच घेतले, त्याला मीच सांगितलं येतंय म्हणून. आधी बोटीवर जाताना तो कमरेला स्वतःचा जुना सुरा खोचायचा. मीच चेष्टा केली होती, म्हटलं तो गंजका काढ आता. त्यानं काढला असेल काय? मला सांगू नको.

त्याचा रुपया मावशीला परत दे. पार्सल सोडवू नको. मिळालंच तर समुद्रात टाक. त्यातला एकही मला बघायचा नाय.

बाबांना सांग, पाय नाय घसरला.

भावेश


मच्छीमार नगर
२० ऑगस्ट

दादूस,

तुझं पत्र मी सोळा तारखेला कस्टमला जाताना वाचलं, आणि तरीही आत गेले.

साहेबांना मयूरचं सांगितलं नाही. म्हटलं, मला माझा जबाब मागे घ्यायचा आहे. त्यांनी काही विचारलं नाही. मी लिहिलं: पहिला जबाब गैरसमजातून दिला होता. वस्तू भेट आहेत. कुणाकडूनही मोबदला घेतलेला नाही, घेणार नाही. वापराच्या ओळीत मी 'घरगुती' लिहिलं. ते बरोबर आहे का, मला अजूनही माहीत नाही. साहेबांनी वाचलं, सही कुठे करायची ते दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी भरून पार्सल माझ्या हातात आलं. इतकं सोपं होतं.

घरी आल्यावर डब्यांवरचे सैनिक फाडून चुलीत घातले. मग देव्हाऱ्यातला मयूरचा रुपया घेऊन मालन मावशीकडे गेले. तुझं ऐकून नाही. मला वाटलं, तो परत दिला तर निदान माझी सही खरी होईल.

मावशी दारात बसली होती. मी रुपया पुढे केला. तिनं बघितला, पण हात उचलला नाही.

"कशाचा गो?"

"मयूरनं ठेवला होता. चाकूचा."

"मग चाकू दे."

मी म्हटलं, मावशी, आता तो—

"त्यानं दाम दिलाय. वस्तू त्याची हाय. तू दाम मला कसला परत करतेस?"

मी पिशवीतून एक चाकू काढला आणि हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. तिनं उचलला. उघडायचा कसा, विचारलं. मी तिला भोक दाखवलं, त्यात अंगठा कसा घालायचा ते सांगितलं. तिनं डावा हात पाठीमागे धरला. पहिल्यांदा उघडला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग उघडला. तिनं मांडीवर दाबून मिटला, आणि पुन्हा उघडला. मी रुपया परत घेऊन उठून आले तेव्हाही ती तेच करत होती. शेजारच्या सांगतात, रोज करते.

काल पौर्णिमा झाली. यंदा वाजंत्री नव्हती, नारळ तेवढा सोडला. त्यानंतर अकराही बोटींची माणसं आपल्या दारात आली, कुशाबाकाकाही आले. मी सगळ्यांना सांगितलं, असेच घेऊन जा, काही ठेवायचं नाही, मी तसं लिहून दिलं आहे. कुणी पुढे झालं नाही.  काका म्हणाले, "यंदाच्या साली फुकटचं पातं कोण घेईल, बाय?"

बाबा आतून काठी टेकत आले. त्यांनी स्वतः पाट मांडला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सही तू केलीस. आता हे पण तूच ठरव."

तू लिहिलंस, पार्सल समुद्रात टाक. टाकायला काही उरलेलं नाही. अकरा बोटींवर अकरा चाकू आहेत. आज सकाळी मी प्रत्येक बोटीवर चढून, जाळं सुटतं त्या कडेला, हाताला येईल असा तो दोरीनं बांधला. काकांच्या बोटीवर मयूर जिथे उभा राहायचा तिथेही बांधला. नवीन खलाशी अजून मिळालेला नाही. बारावा मावशीकडे आहे.

कस्टमच्या फाईलमध्ये माझ्या सहीनं लिहिलेलं आहे, की मी कुणाकडूनही काही घेतलं नाही. पाटावरचे अकरा रुपये मी उचलले आणि देव्हाऱ्यात मयूरच्या रुपयाशेजारी ठेवले.

भाविका